मापाच्या वहीचं शेवटचं पान

"तुम्ही आमच्याच दुकानात का येता?"

बँकेतले काका त्या वेळी पोट आत ओढून, श्वास कोंडून उभे होते. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि तिथेच घात झाला. पोट सुटलं, टेप दोन बोटं सरकली, आणि बाबांनी निर्विकारपणे नवा आकडा पुकारला, "कंबर एकोणचाळीस." काकांनी स्टुलावर वही घेऊन बसलेल्या मुलीकडे असं पाहिलं की जणू तिनेच त्यांना भरवून जाड केलं होतं. मग म्हणाले, "बसस्टॉप समोर आहे ना, म्हणून." आणि सदरा खाली ओढून चालते झाले.

तिने एकोणचाळीस लिहिलं. मग बाबांची पाठ वळल्यावर वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: एक, बसस्टॉप.

आता हा प्रश्न काही तिच्या डोक्यातून उगवलेला नव्हता. तो तिच्यावर लादला होता तिच्या दोन मैत्रिणींनी. एक पेन्सिल, कारण ती तशीच होती, लांब आणि टोकदार. दुसरी घड्याळ, कारण कुठेही जा, ही पाच मिनिटं आधी हजर. आणि शिंप्याच्या दुकानातली म्हणून, दप्तरात हात घालणाऱ्याला हमखास टोचायचं म्हणून, हिला सगळा वर्ग टाचणी म्हणायचा.

झालं असं की त्या आठवड्यात हिशेबाच्या मॅडमनी वर्गाला कोडं घातलं. दिसत नाही, हातात धरता येत नाही, तरी विकत मिळतं आणि वहीत चढतं, असं काय? पेन्सिल म्हणाली, भूत. वर्ग हसून हसून लोळला. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, जवळपास बरोबर, पण त्याला गुडविल म्हणतात. चालतं दुकान विकत घेताना कपाटं आणि मशिनांच्या किमतीवर जे जास्तीचे पैसे मोजतो, ते त्या दुकानाच्या नावाचे.

टाचणीचा हात आपोआप वर गेला. महिन्यापूर्वी असं झालं असतं तर तिलाच चक्कर आली असती. तोवर ती हजेरीला इतक्या हळू "आहे" म्हणायची की दोनदा गैरहजर लागली होती. पण आता ती वेगळीच झाली होती, ते का ते पुढे येईलच. तर तिने उभं राहून सांगून टाकलं की आमच्या दुकानात आहे गुडविल. बाबांनी दहा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या टेलर मास्तरांकडून दुकान घेतलं, त्यांच्या नावासकट. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्याही घेतल्या, एकवीस.

मॅडमना तर घबाडच मिळालं. फळा भरून त्यांनी समजावलं. मापांच्या वह्यांना आयुष्य असतं. माणसं सुटतात, वाळतात, गाव सोडतात, मरतात, आणि मापं शिळी होतात. म्हणून वह्यांची किंमत दर वर्षी एकेक हिस्सा कमी करत न्यायची, दहा वर्षांत शून्य. याला अमोर्टायझेशन म्हणतात. नावाचं तसं नाही. नाव किती वर्षं चालेल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून त्याला हिस्से नाहीत. पण दर वर्षी प्रामाणिकपणे तपासायचं, की दिले तेवढ्या मोलाचं ते अजून आहे का. नसेल तर एका रेघेत खाली आणायचं. ते इम्पेअरमेंट. आणि एकदा खाली आणलेलं नाव वहीत पुन्हा वर चढत नाही.

"तुझ्या बाबांनी तपासलं असेलच," मॅडम म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत पेन्सिलने तिला खिंडीत गाठलं. त्या म्हाताऱ्याच्या नावासाठी तुमच्याकडे कोण कुत्रं येतं गं, असं तिचं म्हणणं. टाचणी चिडली. मग घड्याळने मोठ्या माणसासारखा निवाडा केला. पुढची पंचवीस गिऱ्हाइकं, प्रत्येकाला एकच प्रश्न, मदत करायची नाही, सुचवायचं नाही, सोमवारपर्यंत आकडा आणायचा. आहे का हिंमत?

हिंमत होती, पण खरं सांगायचं तर गरज जास्त होती.

कारण दुपारी चार ते साडेसात ती एका स्टुलावर बसायची. रोज. वयाच्या नवव्या वर्षापासून.

ते उंच लाकडी स्टूल काउंटर आणि ट्रायल रूमच्या मध्ये असं चेपून बसवलेलं होतं की नऊ वर्षांची पोर त्यात मावायची आणि सोळा वर्षांची मावायची नाही. समोर खणाची कडी गुडघ्यात रुतायची. मागे ट्रायल रूमचा पडदा, त्यातून माणसांची कोपरं पाठीत बसायची. डावीकडे इस्त्री, तिची वाफ थेट कानात. शिवाय स्टुलाचा एक पाय लंगडा होता. त्याखाली कागदाची घडी सारलेली असायची आणि ती दर तासाला निसटायची. बाबा कात्रीलाही धार स्वतः लावायचे, पण त्या पायाला त्यांनी कधी खिळा मारला नाही. मास्तरांच्या वेळपासून तसंच आहे, म्हणायचे.

मास्तरांच्या वेळपासून. या दोन शब्दांनी त्या घराला चारही बाजूंनी टीप मारली होती.

दुकान घेण्याआधी बाबा दुसऱ्याच्या दुकानात कटर होते. घ्यायचं ठरल्यावर त्यांनी पंधरा दिवस समोरच्या फुटपाथवर उभं राहून मास्तरांचं दुकान पाहिलं. मास्तर माप घ्यायचे आणि त्यांची मुलगी स्टुलावर बसून वहीत लिहायची. बाबांनी मनाशी गाठ बांधली, की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो इथे. बापलेकीचं दुकान. मग घर घ्यायचे साठवलेले सगळे पैसे त्यांनी नावात ओतले, आणि तिघं दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. पाटी तीच राहिली, कॉलरच्या आतलं लेबल तेच, पडदा त्याच रंगाचा. पहिली तीन वर्षं स्टुलावर आई बसली. आईची पाठ गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची झालेली होती.

अक्षरसुद्धा त्यांना तेच हवं होतं. मास्तरांच्या मुलीचं अक्षर गोल, आकडे ढेरपोटे, आठाला लांब शेपूट. बाबांनी जुनी वही समोर ठेवून तिच्याकडून दोन महिने गिरवून घेतलं. गिऱ्हाइकाने वहीत डोकावलं तर त्याला परकं वाटायला नको. पुढे ते अक्षर तिच्या शाळेच्या वह्यांतही शिरलं. पेन्सिल म्हणायची, तुझा निबंध वाचताना मला माझी मोठी मावशी रागावतेय असं वाटतं.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जिना. वरून येणारा जिना थेट दुकानात उतरायचा. घराला दुसरं दारच नव्हतं. शाळेत जा, दूध आणायला जा, रुसून निघून जा, काहीही करा, काउंटरला वळसा घालून, पाटीखालूनच जावं लागायचं. रुसून निघालेल्या माणसाला बाबा हमखास म्हणायचे, जातेच आहेस तर हे दोन शर्ट कोपऱ्यावर देऊन ये.

आता ती वेगळी कशामुळे झाली, ते. महिन्यापूर्वी शाळेच्या खेळांत एक मुलगी आजारी पडली आणि खेळाच्या बाईंनी रांगेतल्या सगळ्यांत लांब तंगड्या पाहून हिला पुढे ढकललं. उंच उडी. आडवी काठी तिच्या गळ्याशी होती. ती धावली, काय केलं ते तिलाही कळलं नाही, आणि दुसऱ्या क्षणी ती गादीवर पाठीवर पडून आभाळ बघत होती. काठी जागच्या जागी. त्या पडण्याआधीच्या क्षणी तिच्या आजूबाजूला काहीच नव्हतं. कडी नाही, पडदा नाही, कोपर नाही. ती मोठमोठ्याने हसत सुटली. बाईंना वाटलं, डोक्यावर पडली.

तेव्हापासून तिचा हात वर जात होता आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. बाईंनी तिला संघात घ्यायचं ठरवलं होतं. रोज चार ते सहा सराव, वर्षभर, दांडी चालणार नाही. सोमवारी सकाळी होय म्हण, नाहीतर तुझी जागा दुसरीला जाईल.

तिने बाबांना विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, म्हणजे विषय गंभीर, आणि विचारलं की मग स्टुलावर कोण बसणार. ती म्हणाली, रिकामं राहू दे. बाबांचा चेहरा असा झाला की जणू तिने छप्पर काढून ठेवा म्हटलं होतं.

"नाव विकत घेतलंय, बाळा, भाड्याने नाही," ते म्हणाले. "स्टूल त्यात आलं."

आई वर काजं करत होती. तिने ऐकलं, पण दोरा तोडायला मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

म्हणून पंचवीस गिऱ्हाइकं. पैज मैत्रिणींची होती, पण डाव तिचा होता: नावासाठी कोणी येतच नसेल, तर स्टुलावर बसायचं कशाला?

बुधवारी आठ झाली. शाळेतल्या एका शिक्षिकेने सांगितलं, बाही इथेच नीट बसते, दुसरीकडे हात वर केला की सगळा ब्लाउजच वर येतो. रिक्षावाल्या दादांनी सांगितलं, वेळेवर मिळतं. एका मुलाने सांगितलं, आईने पाठवलं. गुरुवारी एका काकूंनी तिलाच उलट विचारलं, का गं, दुकान बंद करताय का? शुक्रवारी एक नवरा-बायको आले आणि त्याच प्रश्नावरून भांडले. तो म्हणाला, खांदा छान बसतो, ती म्हणाली, तुमचा खांदाच कुठे आहे, तो मास्तर बसवतात म्हणून दिसतो.

"कुठले मास्तर?" टाचणीने सहज विचारलं.

"हे काय," बाईंनी बाबांकडे बोट केलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. लोक बाबांनाच मास्तर समजत होते, पाटीवरच्या नावाचे मास्तर. आणि बाबा तरी काय वेगळं करत होते? फोन वाजला की उचलून म्हणायचे, हां, मास्तर बोलतोय. ती इतकी वर्षं ऐकत होती आणि तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मात्र ती लिहायचं सोडून बाबांकडे बघत राहिली. आपण स्टुलात अडकलोय असं आपण म्हणतो. आणि हा माणूस? हा तर दुसऱ्याच्या नावात शिरलाय, आणि बटणं आतून लावून घेतलीत.

शनिवारी चोवीस झाली. मास्तरांसाठी येतो असं म्हणणारं एकही नाही. तिला पेन्सिलचा राग आला आणि त्याच वेळी आनंदही झाला, आणि आनंद झाल्याबद्दल स्वतःची लाज वाटली.

पंचविसावे आले ते रिटायर्ड पोस्टमन आजोबा. जुना कोट, तो लहान करून हवा होता. माणूस कोटाच्या आत आटत चालला होता. बाबा आत अस्तर शोधायला गेले तसा तिने प्रश्न टाकला.

"मास्तरांसाठी," आजोबा म्हणाले. "दुसऱ्या कोणासाठी येणार?"

झालं. तिचं तोंड पडलं. पण आजोबांना ऐकणारं कोणी मिळालं होतं आणि आता ते थांबणार नव्हते. हा कोट मास्तरांनीच शिवलेला. तू बसलीस ना, तिथेच त्यांची मुलगी बसायची. बिचारी.

बिचारी कशाला, ती म्हणाली, लिहायची ती, मी पण लिहिते.

"लिहायची कसली? ती वाचायची," आजोबा म्हणाले. "मास्तरांना शेवटी टेपवरचे आकडे दिसायचेच नाहीत. मोतीबिंदू. ते टेप धरायचे, ही मान लांब करून आकडा बघायची, त्यांच्या कानात सांगायची, ते मोठ्याने पुकारायचे. आम्हा जुन्यांना माहीत होतं. बोलायचो नाही एवढंच."

ती स्टूल घट्ट धरून बसली. कागदाची घडी निसटली होती.

"दुकान विकलं त्या दिवशी मी पत्र द्यायला आलो होतो," आजोबा सांगत होते. "पोरीने जाता जाता त्या स्टुलाला अशी सणसणीत लाथ घातली, की एक पायच ढिला झाला. अजून तसाच आहे वाटतं?"

तिने शेवटच्या पानावर लिहिलं. पंचवीस, मास्तर. आणि त्याखाली आजोबांनी सांगितलेलं सगळं, जसंच्या तसं, भराभर, गोल अक्षराची वाट न बघता.

रविवारी सकाळी हिशेबवाले काका आले. वर्षातून एकदा ते यायचे, चहात बिस्किट बुडवून ते बुडेपर्यंत बोलायचे, आणि मग चमच्याने काढून खायचे. टाचणी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. पान फाडून शाळेत न्यायचं तिने ठरवलं होतं, पण काका काउंटरवर बसले आणि वही त्यांच्या कोपराखाली.

काका म्हणाले, यंदा मापांच्या वह्यांचा शेवटचा हिस्सा, त्या शून्यावर आल्या. जुनी मापं कोणी वापरतं का अजून, बघू. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली, वही हातात घेतली आणि, माणूस हिशेबाचा, मागून उघडली.

वर पळावं तर आई दारात उभी. खाली पळावं तर काउंटर. ती जागच्या जागी चिकटली.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

बाबांनी वही ओढून घेतली. बराच वेळ पाहिलं. आणि त्यांनी विचारलं तेही भलतंच.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं," ती जिन्यावरून म्हणाली.

"तुझं असं नाही."

"माझं असंच आहे, बाबा. तिरकं."

काकांनी वही परत घेतली आणि मोठ्याने वाचायला लागले. बाबांनी अडवलं नाही. बसस्टॉप म्हणणारे सहा. बाही, खांदा, बेतणं म्हणणारे नऊ. वेळेवर मिळतं, चार. जुना कपडा तोंड वाकडं न करता दुरुस्त करून देतात, तीन. कापड उरलं तर परत देतात, एक. आईने पाठवलं, एक. बाबांनाच मास्तर समजणारे यातलेच चौदा. काकांचा आवाज जाहिरातीसारखा रंगत गेला आणि पंचविसाव्यावर येऊन खाली बसला. मोतीबिंदूचं त्यांनी हळू वाचलं. लाथेचं वाचताना तर ओठच हलले, पण दुकान लहान, ऐकू सगळ्यांना आलं.

इस्त्री चालू होती. कोणीतरी ती बंद केली. आईने, खाली येऊन.

काका म्हणाले की दहा वर्षं मी तुम्हाला एकच विचारतो, नावाची किंमत तपासली का, आणि तुम्ही तपासली म्हणून सही करता. तपासलीत तुमच्या पोरीने. पंचविसांत एक, आणि तोही कोट लहान करून घेतोय. हे खाली आणावं लागेल.

बाबा बोटावर काहीतरी मोजत होते. "पण हे नऊ माझ्या हातासाठी येतात," ते म्हणाले.

"सतरा म्हणा. वेळेवर देणं, दुरुस्ती, उरलेलं कापड, सगळं तुमचंच."

"मग मास्तरांचं खोडा आणि ते लिहा."

काकांनी बिस्किट बुडवलं नाही, हातातच धरलं. "तेच तर होत नाही. विकत घेतलेलं नाव वहीत चढतं. स्वतः कमावलेलं चढत नाही. असलं तरी त्याला रकाना नाही."

बाबा उठले. काउंटरला वळसा घालून स्टुलापाशी गेले आणि त्यावर बसले. इतक्या वर्षांत ते त्यावर कधी बसले नव्हते. कडी गुडघ्यात रुतली तशी त्यांनी मांडी सावरली. मागे पडद्याला डोकं लागलं. स्टूल डुगडुगलं.

"हे हलतं," ते म्हणाले.

"सात वर्षं," टाचणी म्हणाली.

"दहा," आई म्हणाली. "पहिली तीन माझी."

बाबांनी वाकून पायाखालची कागदाची घडी काढली, उलगडली, पुन्हा घडी घातली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून खिशात टाकली. हिशेबवाल्या काकांनी कागद पुढे सरकवला, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि रस्त्याकडे बघत बसले. समोर बसस्टॉपवर माणसं उभी होती, त्या सहांसारखी.

तेवढ्यात फोन वाजला. स्टुलावरून हात पुरत होता. बाबांनी उचलला. "हां," ते म्हणाले, आणि पुढचं नेहमीचं वाक्य घशात आलेलं सगळ्यांना दिसलं. ते तिथेच राहिलं. "हां," ते पुन्हा म्हणाले. "बोला." पलीकडचं माणूस सदऱ्याबद्दल काहीतरी विचारत होतं. त्यांनी उद्या या म्हटलं, कोण बोलतंय ते न सांगता फोन ठेवला आणि पेन उचललं. सही मात्र केली नाही. पेन नुसतंच हातात.

टाचणी उरलेल्या चार पायऱ्या उतरली. बाबांनी सही करायची की नाही तो त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला त्यांना कितीही वेळ लागला असता. तिच्याकडे उद्या सकाळपर्यंतचाच होता. तिने एकदा आईकडे पाहिलं, मग स्टुलावर अवघडून बसलेल्या बाबांकडे.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून चार ते सहा मी मैदानावर असणार. बाईंना सकाळीच होय सांगते. साडेसहाला दुकानात येईन, काजं करीन, झाडू मारीन, शर्ट पोचवून येईन. पण त्या स्टुलावर मी बसणार नाही. मापं तुम्ही लिहा, बाबा. तुमच्या अक्षरात."